रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवायचं राहून गेलं? दुरुस्ती कशी करायची, पायरीपायरीने

आयकर रिटर्न भरून झालं, रिफंडही जमा झाला, आणि मग लक्षात आलं की एखाद्या एफडीचं व्याज, जुन्या कंपनीचा पगार किंवा फ्लॅटचं भाडं धरलंच नाही. अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर घाबरून गप्प बसतात, नाही तर 'एवढ्याशा रकमेसाठी कोण विचारतंय' म्हणून सोडून देतात. दोन्ही महागात पडतं. राहिलेलं उत्पन्न स्वतःहून दाखवायची सोय कायद्यातच आहे आणि सगळं काम घरी बसून होतं. किती भुर्दंड पडणार हे मात्र तुम्ही किती लवकर हालचाल करता त्यावर ठरतं.

खालचं सगळं विवेचन २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. पोर्टलवर ते 'असेसमेंट इयर २०२५-२६' म्हणून दिसतं. वर्ष निवडताना इथेच अनेकांची गल्लत होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आधी एआयएस उघडा

नेमकं काय राहिलं हे आठवणीवर ठरवू नका. ई-फायलिंग पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा आणि वरच्या पट्टीतून 'एआयएस' म्हणजे अॅन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंट उघडा. नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय आहे. बँका, म्युच्युअल फंड, कंपन्या आणि पोस्ट यांनी तुमच्या पॅनवर जे जे कळवलं ते इथे ओळीने दिसतं : बचत खात्याचं व्याज, ठेवींचं व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांची विक्री, पगार. सोबत फॉर्म २६एएस काढा, म्हणजे कुणी किती टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापला ते कळेल. दोन्ही पीडीएफ उतरवून घ्या. एआयएसची पीडीएफ पासवर्डने उघडते : लहान लिपीत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख.

आता भरलेल्या रिटर्नची प्रत शेजारी घेऊन एकेक ओळ ताडून पाहा. कोथरूडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेबरोबर मी हे करत होतो. बँकेच्या ओळीवर व्याज दिसत होतं एकोणचाळीस हजारांच्या घरात, आणि त्या ठामपणे सांगत होत्या की या ठेवीचा एक रुपया अजून हातात आलेला नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं. ठेव क्युम्युलेटिव्ह होती, पाच वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकदम मिळणार होतं. पण बँक दरवर्षी जमा होत जाणारं व्याज त्या त्या वर्षी खात्याला कळवते, आणि ते त्या वर्षीच दाखवायचं असतं. शेवटच्या वर्षी सगळं एकदम दाखवू म्हटलं तर मधल्या प्रत्येक वर्षी एआयएस आणि रिटर्न यांत तफावत दिसत राहते. हा घोळ ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत फार होतो. घरात आईवडिलांच्या ठेवी असतील तर त्यांचंही एआयएस एकदा उघडून पाहाच.

दुसरा पक्का गैरसमज : टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही. २०२४-२५ मध्ये एका बँकेतलं ठेवींचं व्याज वर्षाला ४०,००० रुपयांपर्यंत (ज्येष्ठांसाठी ५०,०००) असेल तर टीडीएस कापला जात नव्हता. ती मर्यादा फक्त बँकेने कापण्याची होती. व्याज करपात्र असतंच. पतसंस्थेत पैसे ठेवले असतील तर तिथे अनेकदा टीडीएसही कापला जात नाही आणि एआयएसमध्येही नोंद दिसत नाही. तरी ते उत्पन्नच आहे. पतसंस्थेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या.

एआयएसमधली एखादी नोंद चुकीची असेल, तीच रक्कम दोनदा आली असेल किंवा ती दुसऱ्या कुणाची असेल, तर त्या ओळीवर क्लिक करून अभिप्राय नोंदवता येतो. संयुक्त ठेवींत हे वारंवार लागतं, कारण बँक पहिल्या नावाच्या पॅनवर व्याज कळवते. मात्र एक लक्षात ठेवा : पतीने स्वतःच्या पैशांतून पत्नीच्या नावे ठेव केली असेल तर ते व्याज कायद्याने पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं. 'ते तिच्या पॅनवर आहे' एवढ्याने सुटका होत नाही.

पुण्यात हमखास निसटणारी उत्पन्नं

पहिलं म्हणजे वर्षाच्या मध्यात बदललेली नोकरी. हिंजवडीतली कंपनी सोडून खराडीत रुजू झालात, आणि नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील फॉर्म १२बीमधून दिला नाही, तर नवी कंपनी तुमचा करहिशेब शून्यापासून मांडते. बिनकराचा टप्पा पुन्हा मिळतो, ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन पुन्हा मिळते. दोन्ही फॉर्म १६ (कंपनीने दिलेले पगार आणि टीडीएसचे दाखले) आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकत्र केले की कराची मोठी तूट निघते. त्यात एकच फॉर्म १६ घेऊन रिटर्न भरलं असेल तर अर्ध्या वर्षाचा पगारच गायब झालेला असतो.

दुसरं, परदेशी कंपनीचे शेअर. आयटीतल्या अनेकांना मूळ कंपनीचे आरएसयू (पगाराचा भाग म्हणून ठरावीक काळाने मिळणारे शेअर) किंवा सवलतीतले शेअर मिळतात. ते हाती आले तेव्हा पगारात कर लागला म्हणून लोक निश्चिंत असतात. पण शेअर परदेशातल्या खात्यात पडून असतील तर रिटर्नमधल्या शेड्युल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्यांची माहिती द्यावी लागते, त्यांचा लाभांश दाखवावा लागतो आणि विकले तर भांडवली नफाही. शेड्युल एफए आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचं असतं. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात ही माहिती न देण्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचं एकूण मूल्य २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण माहिती द्यायची जबाबदारी कायम आहे. आयटीआर-१ हा साधा फॉर्म भरला असेल तर त्यात शेड्युल एफए नसतंच. दुरुस्ती करताना आयटीआर-२ घ्यावं लागेल. या एका विषयात मी हात राखून बोलणार नाही : काही निसटलं असेल तर आजच कामाला लागा.

तिसरं, भाडं. वाकड किंवा बाणेरचा दुसरा फ्लॅट भाड्याने असतो, भाडं थेट खात्यात येतं, रिटर्नमध्ये मात्र नसतं. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो, म्हणजे त्याची सरकारदरबारी नोंद आहेच. वर भाडेकरू नोकरदार असेल आणि त्याने एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सवलत मागितली असेल तर वर्षाला एक लाखावर भाडं असताना तो घरमालकाचा पॅन कंपनीला देतो. भाड्यातून त्या वर्षी भरलेला महापालिकेचा मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घाबरण्याएवढा कर होतोच असं नाही.

बाकी लाभांश, म्युच्युअल फंडातून काढलेले पैसे, सुट्टीच्या दिवशी केलेलं फ्रीलान्स काम. कंपनीने कलम १९४जे (व्यावसायिक कामाची फी) खाली टीडीएस कापला असेल तर ते व्यवसायाचं उत्पन्न धरून आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ मध्ये जातं, 'इतर उत्पन्ना'त नाही.

कोणता रस्ता तुमचा?

मूळ रिटर्न भरलं पण ई-व्हेरिफाय केलंच नसेल, तर सगळ्यात सोपं. पोर्टलवर 'डिस्कार्ड'चा पर्याय वापरून ते रद्द करा आणि नव्याने भरा. पण मूळ मुदत उलटली असेल तर नवं रिटर्न उशिराचं ठरेल. त्या परिस्थितीत डिस्कार्ड न करता आधी व्हेरिफाय करा आणि मग सुधारित भरा. व्हेरिफाय करायला ३० दिवस असतात.

मूळ रिटर्न व्हेरिफाय झालंय आणि मुदत शिल्लक आहे, तर सुधारित रिटर्न, म्हणजे रिव्हाइज्ड. कलम १३९(५). असेसमेंट इयर २०२५-२६ साठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. पुढच्या वर्षांची तारीख पोर्टलवर पाहून घ्या. मूळ रिटर्न उशिरा भरलं असलं तरी सुधारित भरता येतं. कितीही वेळा भरता येतं. रिफंड मिळाला असला तरी भरता येतं.

मुदत उलटली तर अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू, कलम १३९(८ए). त्याकडे पुढे येतो.

आणि एक चुकीचा रस्ता, ज्यावर पुष्कळ जण जातात : कलम १५४ खालचा 'रेक्टिफिकेशन'चा अर्ज. नाव ऐकून वाटतं चूक दुरुस्त करायची हीच जागा. पण ती सोय खात्याने प्रक्रिया करताना झालेल्या, कागदावर उघड दिसणाऱ्या चुकांसाठी आहे. तुम्ही न दाखवलेलं उत्पन्न तिथे घालता येत नाही. अर्ज नाकारला जाईपर्यंत सुधारित रिटर्नची मुदत निघून जाते, आणि हे नुकसान टाळण्यासारखं असतं.

सुधारित रिटर्न भरताना

पोर्टलवर 'ई-फाइल', त्यात 'इन्कम टॅक्स रिटर्न्स', मग 'फाइल इन्कम टॅक्स रिटर्न'. वर्ष निवडा, ऑनलाइन पद्धत निवडा. 'फायलिंग टाइप' विचारलं की १३९(५), रिव्हाइज्ड निवडायचं. मग मूळ रिटर्नचा पंधरा अंकी पोचपावती क्रमांक आणि भरल्याची तारीख. हा क्रमांक 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'मध्ये मिळतो.

सुधारित रिटर्न म्हणजे मूळ रिटर्नला जोडलेली चिठ्ठी नव्हे. ते मूळच्या जागी बसतं. त्यामुळे पगार, वजावटी, टीडीएस सगळं पुन्हा पूर्ण भरायचं आणि त्यात राहिलेलं उत्पन्न घालायचं. फक्त राहिलेलं व्याज भरून पाठवलं तर खात्याच्या दृष्टीने तुमचं तेवढंच उत्पन्न उरतं. त्या व्याजावर कापलेला टीडीएस पहिल्या वेळी दाखवला नसेल तर तोही आता घाला, तो तुमचाच पैसा आहे. फॉर्म बदलायची वेळ असेल (शॉर्ट टर्म भांडवली नफा आयटीआर-१ मध्ये बसत नाही) तर योग्य फॉर्म घ्या.

उदाहरणाने हिशेब मांडतो. नव्या करप्रणालीत स्टँडर्ड डिडक्शन जाऊन करपात्र पगार १६ लाख, आणि ८०,००० रुपये एफडीचं व्याज राहिलं. बँकेने १० टक्के म्हणजे ८,००० टीडीएस कापलाय. पगारावरचा कर कंपनीने पूर्ण कापलाय. ८०,००० वर ३० टक्के दराने २४,०००, त्यावर ४ टक्के सेस ९६०, मिळून २४,९६०. टीडीएस वजा जाता १६,९६० उरले. अनेकांना धक्का बसतो तो इथेच : 'बँकेने कर कापलाय ना!' कापलाय, पण १० टक्क्यांनी. तुमचा टप्पा ३० टक्क्यांचा आहे.

उरलेला कर १०,००० च्या वर असल्याने तो आगाऊ भरायला हवा होता, म्हणून व्याज लागतं. कलम २३४बी खाली १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला १ टक्का. नोव्हेंबर २०२५ मध्ये भरला तर आठ महिने, १,३५२ रुपये. अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते चुकल्याबद्दल २३४सी खाली ८५३. एकूण १९,१६५, पूर्णांकात १९,१७०. मूळ रिटर्न वेळेत असेल तर २३४एफची लेट फी नाही, दंडही नाही. हे सगळं पोर्टल स्वतःच मोजतं, पण आकडा कुठून आला हे कळलेलं बरं.

पैसे आधी, रिटर्न नंतर. 'ई-पे टॅक्स'मध्ये जाऊन योग्य असेसमेंट इयर आणि 'सेल्फ असेसमेंट टॅक्स (३००)' निवडा. चलनावर सात अंकी बीएसआर कोड, चलन क्रमांक आणि तारीख असते. ती 'टॅक्स पेड'च्या भागात नीट घाला. पैसे भरले पण चलन रिटर्नमध्ये नोंदवलंच नाही, किंवा चलनावर चुकीचं वर्ष पडलं, की मागणीची नोटीस ठरलेलीच. देय कर शून्य दिसत नाही तोवर 'सबमिट' दाबू नका.

आधी जास्त रिफंड मिळाला असेल तर सुधारित रिटर्नच्या हिशेबानुसार तो फरक परत जातो. बेंगळुरूच्या सीपीसीकडून (रिटर्नवर प्रक्रिया करणारं खात्याचं केंद्र) कलम १४३(१) ची सूचना येते, तिच्यात मागणी असेल तर पोर्टलवरूनच भरा.

शेवटी व्हेरिफिकेशन. आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं. ते ३० दिवसांत झालं नाही तर सुधारित रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं, आणि जुनं, चुकीचंच रिटर्न लागू राहतं.

मुदत गेली असेल तर : आयटीआर-यू

२०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत असेसमेंट इयर संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली. असेसमेंट इयर २०२५-२६ च्या रिटर्नसाठी ३१ मार्च २०३० पर्यंत. पण किंमत वाढत जाते. कर आणि व्याज यांच्या बेरजेवर जादा कर लागतो : ३१ मार्च २०२७ पर्यंत २५ टक्के, पुढच्या वर्षी ५०, मग ६०, मग ७०.

वरचंच उदाहरण ऑगस्ट २०२६ मध्ये भरलं तर २३४बीचं व्याज सतरा महिन्यांचं, २,८७३. कर, व्याज मिळून २०,६८६, त्यावर २५ टक्के म्हणजे ५,१७१. एकूण सुमारे २५,८६०. मे २०२७ पर्यंत लांबवलं तर हाच आकडा ३३,३०० च्या वर जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९,१७० होता.

आयटीआर-यूला अटी आहेत. त्याने कर वाढायलाच हवा. कर कमी करायला, तोटा दाखवायला किंवा रिफंड मिळवायला ते वापरता येत नाही. एका वर्षासाठी एकदाच भरता येतं. त्या वर्षाची करनिर्धारणाची कार्यवाही चालू असेल किंवा संपली असेल तर ते बंद. म्हणून भरण्याआधी त्या वर्षाचं एआयएस दोनदा तपासा. आज एफडी घातली आणि महिन्याभराने लाभांश आठवला, तर दुसरी संधी नाही. फॉर्ममध्ये उत्पन्न बरोबर दाखवलं नव्हतं असं कारण निवडायचं, मूळ पोचपावती क्रमांक द्यायचा, आणि जादा करासह पैसे आधी भरून चलन जोडायचं.

मेसेज किंवा नोटीस आली तर

खातं अनेकदा आधी नुसता ईमेल किंवा एसएमएस पाठवतं : तुमच्या रिटर्नमध्ये आणि आमच्या माहितीत फरक दिसतो, पाहून घ्या. ही नोटीस नसते, इशारा असतो. मुदत असेल तर अजूनही सुधारित रिटर्न भरता येतं. मेसेजमधली लिंक मात्र उघडू नका. स्वतः पोर्टलवर जाऊन 'पेंडिंग अॅक्शन्स' आणि 'ई-प्रोसीडिंग्ज' पाहा. खरा पत्रव्यवहार तिथे असतोच, आणि पत्रावरचा डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, पोर्टलवर पडताळता येतो.

सुधारित किंवा अद्ययावत रिटर्न भरायला सॅलिसबरी पार्कच्या आयकर सदनात खेटे घालायची गरज नाही. पण करनिर्धारणाची नोटीस हातात असेल, परदेशी शेअर असतील किंवा एकाहून अधिक वर्षांची दुरुस्ती असेल तर चांगला सीए गाठा. गप्प बसलात आणि खात्याने स्वतः शोधून काढलं, तर कलम २७०ए खाली कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो, आणि मुद्दाम चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. कर आणि व्याज वेगळंच. माझं स्पष्ट मत आहे की पंधरा-वीस हजारांसाठी एवढी टांगती तलवार डोक्यावर कुणी ठेवू नये.

चालू वर्षाचं विसरू नका

मागच्या वर्षीची जी ठेव राहिली ती यंदाही व्याज देतेच आहे. नोकरदारांसाठी सोपा उपाय म्हणजे हे व्याज कंपनीलाच कळवणं. पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न आणि त्यावरचा टीडीएस कंपनीला कळवायची सोय कायद्यात आहे, आणि मग कंपनी उरलेला कर पगारातूनच कापते, आगाऊ कर भरायचं वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. गुंतवणुकीचे पुरावे मागवणारा ईमेल एचआरकडून साधारण डिसेंबर-जानेवारीत येतो. त्यात 'इतर उत्पन्न' असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. ज्यांना पगार नाही त्यांनी १५ मार्चच्या आत पोर्टलवरून अॅडव्हान्स टॅक्सचं चलन (१००) भरावं. साठी ओलांडलेल्या आणि व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठांना अॅडव्हान्स टॅक्स लागू नाही, त्यांनी रिटर्न भरण्याआधी उरलेला कर भरला तरी चालतो.